जातं थांबलं, पण ओवीचं काय?

घरात रेडिओ आला, मग टेप आला, टीव्ही आला. आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. गाण्यांना काही तोटा नाही. पण ज्या गाण्यांची तबकडी कुठल्या कंपनीनं काढली नाही, ज्यांची कॅसेट बाजारात आली नाही, अशी हजारो गाणी आपल्याच घरात होती, हे आपल्यापैकी कितीजणींच्या ध्यानात आहे?

धाराशिव तालुक्यातलं बेंबळी घ्या, नाहीतर आसपासचं कुठलंही गाव घ्या. पहाटे जात्यावर ज्वारी दळताना बाया ओव्या म्हणायच्या. एक हात खुंट्याला, दुसरा मूठ मूठ दाणे घालायला. समोरची जाऊ नाहीतर नणंद ओवी उचलून धरायची. माहेर, भाऊ, विठोबा, सीतेचा वनवास सगळं त्यात यायचं. सासरचा जाचही यायचा. चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती, ते जात्याला सांगता यायचं. मग गावात पिठाची चक्की आली. बाईच्या खांद्याचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली.

एक लाखाची ठेव

भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. गौहर जान यांचा आवाज पहिल्या तबकड्यांवर चढला. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. दळणारणीकडे मात्र कोण फिरकणार? साने गुरुजींनी आणि पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी ओव्या गोळा करून छापल्या, म्हणून शब्द तरी उरले. पण आवाज?

ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी हाती घेतलं. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन १९८० च्या दशकापासून त्यांनी १,००० हून जास्त गावांतल्या १ लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं कितीतरी तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइत्व्हाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. ही ठेव २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनं इंटरनेटवर खुली केली. मोबाईलवर फुकट ऐकता येते. आपल्या मराठवाड्यातल्या ताडकळस, माजलगावच्या बायांचे आवाज त्यात आहेत. माजलगावच्या बायांनी तर बाबासाहेबांवर ओव्या गायल्या आहेत. दुपारी भाजी निवडताना ऐकून बघा, हातातली भाजी हातातच राहील!

पण एवढ्यानं भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपानं हजारो माणसं गेली. त्यांच्याबरोबर किती ओव्या गेल्या, याची मोजदाद कुणी ठेवली? आणि भूकंपच कशाला हवा? गावातली एकेक म्हातारी जाते, तेव्हा तिची गाणीही जातात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलानं आणि भाच्यानं उतरवून ठेवलं, म्हणून त्यांच्यामागे १९५२ मध्ये पुस्तक निघालं. नाहीतर?

आपण काय करू शकतो?

● नुसतं ‘म्हणा हो’ म्हटलं तर आठवत नाही. जातं असेल तर पुढ्यात ठेवा. नसेल तर सूप द्या. हात हलला की ओवी ओठावर येते.

● दुपारची निवांत वेळ धरा. पंखा, टीव्ही बंद करा. मोबाईल घडी केलेल्या टॉवेलवर, हातभर अंतरावर ठेवा. मध्येच फोन येऊ नये म्हणून ‘एरोप्लेन मोड’ लावा.

● आधी त्यांच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलवून घ्या. दहा वर्षांनी ‘हा आवाज कुणाचा?’ असं व्हायला नको.

● वहीत जसं म्हटलं तसंच उतरवा. ‘शुद्ध’ करू नका. धाराशिवकडची बोली हेच त्या ओवीचं सोनं आहे.

● एक प्रत मोबाईलमध्ये, एक दुसरीकडे ठेवा. मोबाईल पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ओवीत सासूचं नाव येतं, नवऱ्याचा राग येतो, पोटातलं दुःख येतं. त्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. ‘हे तुझ्यापाशीच राहू दे, माय’ असं त्या म्हणाल्या, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

सासूबाई, आजी, चुलत सासू, शेजारच्या आक्का, कुणीतरी नक्की सापडेल. ‘मला काय येतंय गं!’ असं त्या पहिल्यांदा म्हणतीलच. तेवढ्यावर उठू नका. चहा ठेवा, बसा, पुन्हा विचारा. येत्या पंचमीला माहेरी जाल, तेव्हा एक तास एवढ्यासाठीच राखून ठेवाल ना?