डोक्यात मधेच ‘कसंतरी’ होतंय? अंगारा लावण्याआधी हे वाचा

डोकं दुखत नाही, तापही नाही. पण मधेच डोक्यात ‘कसंतरी’ होतं आणि मिनिटभरात सगळं ठीक. घरचे म्हणतात पित्त असेल, कुणी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावतं. खरं कारण मात्र हा त्रास कधी आणि कसा होतो, यावरून बऱ्याचदा समजतं.

कूस बदलताना घर फिरतं? कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकले की असं होतं. डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते जागेवर आणतात.

उठताना अंधारी येते? अंगात पाणी किंवा रक्त कमी असेल, बीपीच्या गोळीनेही होतं.

दरवेळी अगदी तसंच होतं? अचानक जळका वास, पोटातून वर चढणारी भीती, एकाच हाताला मुंग्या किंवा ‘हे आधी घडलंय’ असं वाटणं, आणि एक-दोन मिनिटांत संपणं. ही छोटी फिट असू शकते. हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं म्हणजेच फिट असं नाही. मेंदूच्या छोट्याशा भागातच गडबड झाली, तर माणूस शुद्धीवर असतो. आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत शिरलेली पट्टकृमीची अळी. न धुतलेली कच्ची भाजी, अस्वच्छ हात यातून कृमीची अंडी पोटात जातात. त्यामुळे माळकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो.

काय करायचं?
- तारीख, वेळ, किती सेकंद आणि तेव्हा काय करत होता, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
- त्या वेळी घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा. दोन फिटच्या मधल्या काळात मेंदूचा आलेख (ईईजी) नॉर्मलही येतो. म्हणून डॉक्टरांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो.
- आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. फिटची शंका असेल तर ते मोठ्या दवाखान्यात पाठवतील.
- निदान होईपर्यंत गाडी, ट्रॅक्टर चालवू नका. विहिरीत एकटे उतरू नका.
- फिटची गोळी सुरू झाली, तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. बहुतेकांचा त्रास गोळ्यांनी आटोक्यात येतो.

१०८ ला लगेच फोन करा: तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर वाट बघू नका.