बिबट्याची भीती येते कोठून?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची ऊर्जानगर ही वसाहत ताडोबाच्या अरण्याला इतकी खेटून वसली आहे की, दिवेलागण झाली म्हणजे तेथील आया अंगणात खेळणारी लेकरे, एरवी कोठल्याही गावी मिळणारी ‘आणखी थोडा वेळ’ ही सवलत न देता, घरात घेतात. झुडपाआड बिबट्या असणे ही तेथे कविकल्पना नव्हे. वर्षाच्या मुलाला मात्र बिबट्या म्हणजे काय हे ठाऊक नसते. तरीही ते बिचकते, आणि बिचकते ते झुडपाकडे पाहून नव्हे, आईच्या मुद्रेकडे पाहून.

एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली जाड काचेखाली खोल कड्याचा आभास निर्माण करून रांगती मुले त्यावर जाण्यास धजतात काय हे पाहिले. बहुतेक धजली नाहीत. पंचवीस वर्षांनी जेम्स सॉर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडा बेताचा, म्हणजे मुलाला आपल्या आपण निर्णय करवू नये इतकाच, ठेवला आणि पलीकडे आईला उभे केले. आई प्रसन्न दिसली तेव्हा १९ पैकी १४ मुले काच ओलांडून गेली. ती भयभीत दिसली तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही.

मुद्रेच्या पुष्कळ आधी आवाजाची ओळख पटलेली असते. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत, म्हणजे कित्येकदा आईची स्वतःची खातरजमा होण्यापूर्वीच, ज्या मज्जानलिकेपासून पुढे मेंदू घडायचा ती मिटते. सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भ ध्वनीला प्रतिसाद देऊ लागतो. आणि १९८० साली डीकॅस्पर व फायफर यांनी दाखविले की, अवघ्या तीन दिवसांच्या आतील अर्भके चोखण्याची लय बदलून परस्त्रीच्या आवाजाऐवजी आईचाच आवाज मागून घेतात. सुभद्रेचा आवाज अभिमन्यूला ओळखू येत असावा एवढे विज्ञान कबूल करील. चक्रव्यूहाच्या नकाशाचा दाखला मात्र त्याच्या दप्तरी नाही, ही गोष्ट गर्भसंस्काराच्या वर्गाची फी भरण्यापूर्वी ध्यानी घेतलेली बरी.

अर्थात, मुद्रा वाचावयास मूल आधी जगले पाहिजे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, दूरच्या इस्पितळावर भिस्त न ठेवता, गावातल्याच स्त्रियांना नवजाताचे वजन करणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळीच औषध देणे शिकविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या दारी ठरल्या दिवशी येते, ती याच वाटेने.

पहिला महिना निभावला की मग खेळ. आठव्या महिन्याच्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या म्हणण्याप्रमाणे, पदराआड गेलेली आई नाहीशी झालेली नाही हे मुलाला उमगते, आणि ‘बुवा… कुक’मध्ये रंग भरतो; पुढील संशोधकांनी ही मुदत बरीच अलीकडे ओढली आहे. न दिसणारेही असते, हे ज्ञान बिबट्यालाही लागू पडते. सहा वर्षांचा ऊर्जानगरकर संध्याकाळी रिकाम्या झुडपाकडे पाहून थबकतो, धाकटीचा हात घट्ट धरतो. आणि धाकटी, झुडपाकडे ढुंकूनही न पाहता, त्याच्या तोंडाकडे पाहत राहते.