संगणक स्मृती : एकस्वे व विश्वसनीयता

संगणकाला दिलेल्या सूचना व आधारसामग्री साठवून ठेवणाऱ्या आणि मागणी होताच त्या परत पुरविणाऱ्या घटकास संगणकाची स्मृती म्हणतात. स्मृतीच्या निरनिराळ्या प्रकारांतील स्पर्धा दोन कसोट्यांवर झाली. शोधाचा हक्क कोणाचा, हे एकस्वाच्या (पेटंटच्या) निवाड्याने ठरले. कोणती स्मृती वापरात टिकणार, हे मात्र मुख्यतः तिच्या विश्वसनीयतेने व खर्चाने ठरविले.

प्रारंभीच्या संगणकांत पाऱ्यातील ध्वनितरंग, ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भार किंवा फिरता चुंबकीय दंडगोल यांचा स्मृतीसाठी उपयोग करीत. यांपैकी नलिका जलद परंतु बेभरवशाची, तर दंडगोल भरवशाचा परंतु मंद होता.

ही अडचण चुंबकीय गाभा स्मृतीने दूर केली. हिच्यात फेराइटाची प्रत्येक बारीक कडी एक द्विमान अंक साठविते. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तारांतून प्रत्येकी निम्मा प्रवाह सोडल्यास केवळ छेदस्थानी असलेल्या कडीचे चुंबकन उलटते. वीज बंद झाली, तरी चुंबकन टिकून राहते. मात्र वाचताना नोंद पुसली जात असल्याने ती लगेच पुन्हा लिहावी लागते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ‘व्हर्लविंड’ संगणकात १९५३ मध्ये नलिकांऐवजी ही स्मृती बसविल्यावर देखभालीचा वेळ दिवसाला ४ तासांवरून आठवड्याला २ तासांवर आला.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकासाठी हीच स्मृती निवडण्यात आली. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या या संगणकाची स्मृती प्रत्येकी ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. त्याची गणितीय मंडले निर्वात नलिकांची होती आणि लवकरच ती कालबाह्य ठरली. गाभा स्मृती मात्र त्यानंतरच्या ट्रँझिस्टरयुक्त संगणकांतही चालू राहिली. १९६४ मध्ये याच संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० संगणकातही ती होती.

तिच्या हक्काचा वाद मात्र अमेरिकेत दीर्घकाळ चालला. वाचल्यानंतर पुन्हा लिहिण्याच्या कल्पनेशी निगडित असलेले एकस्व अन वांग यांना १९५५ मध्ये मिळाले. छेदणाऱ्या तारांच्या रचनेवर जे फॉरेस्टर आणि आरसीए कंपनीचे यान राइकमान या दोघांनीही दावा सांगितला. राइकमान यांचा अर्ज १९५० चा, तर फॉरेस्टर यांचा १९५१ चा होता. परंतु अमेरिकी कायद्यानुसार त्या काळी अर्जाच्या दिनांकापेक्षा शोध प्रथम कोणी लावला याला महत्त्व असे. अखेर १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने फॉरेस्टर यांच्या एकस्वापोटी त्यांच्या संस्थेला सु. १.३ कोटी डॉलर दिले.

हा वाद मिटला तेव्हा प्रतिस्पर्धी तयार होत होता. एक ट्रँझिस्टर व एक धारित्र यांत एक द्विमान अंक साठविण्याच्या रचनेचे एकस्व रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ११०३ या गतिक स्मृतीच्या चकतीनंतर अर्धसंवाहक स्मृती स्वस्त होत गेली व गाभा स्मृती मागे पडली. तथापि धारित्रातील भार गळत असल्याने तो वारंवार भरावा लागतो आणि वीज जाताच नोंद नाहीशी होते. शिवाय चकतीच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सर्गी अशुद्धीतून निघणाऱ्या आल्फा कणांमुळेही नोंद बदलते, असे १९७८ मध्ये टिमथी मे व मरी वुड्स यांनी दाखविले. यावर शुद्ध वेष्टन हा एक उपाय आहे; दुसरा उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या त्रुटिशोधक व त्रुटिसुधारक संकेतांचा होय. त्यांत मूळ अंकांबरोबर काही जादा अंक साठवितात व त्यांवरून चुकलेला अंक ओळखून दुरुस्त करतात. घटक अचूक राहीलच असे गृहीत न धरता, तो चुकला तरी उत्तर बरोबर यावे, हे धोरण त्यामुळे स्मृतिरचनेत रुजले.