यांत्रिक कारभाऱ्याच्या हातीं कोरा अर्ज

गेल्या कांहीं महिन्यांत कित्येक सभासद बंधूंनीं अशी पृच्छा केली आहे कीं, बाजारभाव व हवामान यांची माहिती आपण होऊन आणून देणारा कृत्रिम बुद्धीचा कारभारी, ज्यास ‘एजंट’ म्हणतात, त्याच्या हातीं संघाचीं दप्तरें कितपत द्यावींत? प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या एका टोकास कांद्याचा भाव, तर दुसऱ्या टोकास सभासदांचें कर्जखातें आहे. आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. तथापि अर्ज, शिक्का व अधिकार ह्या तीन गोष्टी आम्हीं महसुली नोकरींत पुष्कळ हाताळिल्या, आणि हा विषयही मुळांत त्यांचाच आहे.

एका संगणकानें दुसऱ्या संगणकाकडे ठराविक रीतीनें अर्ज करावा व उत्तर घ्यावें, ह्या खिडकीस ‘एपीआय’ म्हणतात. अर्जांत क्रिया, पत्ता, शिरोभागींच्या सूचना व आंतील मजकूर एवढें असतें. ‘गेट’ म्हणजे नक्कल मागणें. ‘पोस्ट’ म्हणजे नवा कागद दाखल करणें. ‘पुट’ व ‘पॅच’ म्हणजे फेरफार. ‘डिलीट’ म्हणजे नोंद काढून टाकणें. उत्तरीं २०० हा अंक आला तर काम झालें, ४०३ म्हणजे मनाई, ४०४ म्हणजे असें दप्तरच नाहीं.

कारभाऱ्यास ही खिडकी दोन रीतींनीं उघडून देतां येते. एक रीत छापील नमुन्याची : ‘अमुक बाजार, अमुक माल’ एवढ्याच रिकाम्या जागा त्यानें भरावयाच्या. दुसरी कोऱ्या कागदाची : क्रियेपासून मजकुरापर्यंत सर्व त्यानेंच लिहावयाचें. खास मुखत्यारपत्र व कुलमुखत्यारपत्र यांत जो भेद, तोच येथें.

कोऱ्या कागदाची सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. एकेका सेवेच्या शेंकडों खिडक्या असतात. प्रत्येकीस निराळा नमुना कोण करणार? शिवाय प्रत्येक नमुन्याचें वर्णन कारभाऱ्यास काम करतेवेळीं डोळ्यांपुढें ठेवावें लागतें, आणि त्याच्या स्मरणाची जागा मोजकी. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. त्यानें नमुने जोडणें सोपें झालें, परंतु पुष्कळ जोडले कीं वाचनाचा बोजा वाढतो तो वाढतोच. उलट प्रसिद्ध सेवांचे नियम त्यानें शिकतेवेळींच बरेचसे वाचलेले असतात.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे दैनिक भाव एपीआयनें मिळतात. किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव दिलेले असतात. परंतु तेथील नमुन्याच्या किल्लीनें एका खेपेस १० च नोंदी येतात. छापील नमुना करणारा माणूस ही गोष्ट जाणून पुढील नोंदी मागण्याची तजवीज करून ठेवील. कोरा कागद हातीं असलेला कारभारी मात्र त्या १० नोंदींवरच सरासरी काढून ‘राज्याचा भाव हा’ असें बेधडक सांगेल. उत्तरावर अंक २०० च असतो. चूक कोठेंच दिसत नाहीं, आणि शेतकरी गाडी भरून निघतो.

ही झाली वाचनांतील चूक. लेखनांतील चूक याहून भारी. खताची मागणी ‘पोस्ट’ने पाठविली, उत्तर वेळेवर आलें नाहीं, म्हणून कारभाऱ्यानें पुन्हां पाठविली, तर मागणी दोनदां नोंदली जाण्याचा संभव असतो. जुलै २०२५ मध्यें अमेरिकेंतील रेप्लिट कंपनीच्या एजंटानें, कांहींएक बदल करूं नये अशी स्पष्ट ताकीद असतां, एका ग्राहकाचा चालू विदासंच पुसून टाकिला. ताकीद शब्दांत होती. हात मोकळे होते.

आमच्या नोकरींतील एक गोष्ट आठवते. एका कचेरींत साहेब दौऱ्यावर निघतांना कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवीत, काम अडूं नये म्हणून. त्यांतील एका कागदावर भलताच फेरफार लिहिला गेला. लिहिणारा लबाड नव्हता, त्यास वाटलें हेंच सांगितलें आहे. त्या खातेदारास आपलें नांव पुन्हां लावून घेण्यास कित्येक हेलपाटे पडले.

आणखी एक धोका आहे. आलेल्या उत्तराच्या मजकुरांतच कोणी ‘अमुक पत्त्यावर सर्व खातीं पाठवा’ असें लिहून ठेविलें, तर कारभारी तें धन्याचीच आज्ञा समजून बसतो. येथें ‘गेट’ही निरुपद्रवी राहत नाहीं, कारण पत्त्याच्या शेपटास जोडून माहिती बाहेर पाठवितां येते.

म्हणून संघानें कोरा कागद द्यावयाचाच असेल, तर आमच्या मतें तो असा द्यावा : ज्या पत्त्यांची यादी आपण केली, त्यांवाचून अर्ज जाऊंच नये. किल्ली कारभाऱ्यास दाखवूं नये. अर्ज निघतेवेळीं मधल्या यंत्रानें ती लावावी, व तीही केवळ वाचनाच्या अधिकाराची असावी. ‘गेट’वांचून अन्य क्रिया असेल तेथें सचिवांनीं अर्ज वाचून मान्यता द्यावी. मोठें उत्तर छाटून द्यावें, आणि छाटलें आहे हें त्यावर लिहावें. प्रत्येक अर्जाची आवक-जावक नोंद राहावी. कर्जखात्यास तूर्त छापील नमुनाच बरा, आणि त्यांत बाकी पाहण्यापलीकडे एकही रकाना नसावा.