एपिसोडचा मजकूर: ब्रेस्ट रिडक्शन आधी की बाळ आधी?

आजचा विषय हेडफोन लावून ऐकायचा. कुणापासून लपवायचा म्हणून नाही, नीट लक्ष लागावं म्हणून.

मी मूळची पालीची. वेल्हे तालुका, म्हणजे आताचा राजगड तालुका. राजगडाचा पाली दरवाजा ज्या गावावरून ओळखला जातो, ते आमचं गाव. लहानपणी ती वाट मी पळत चढायचे. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते आणि अर्ध्या वाटेवरच मान धरते. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत, पावसाळ्यात छातीखाली चट्टे उठतात, दिवसभर लॅपटॉपसमोर बसले की पाठ बोलते. फिजिओथेरपी झाली, ब्रा बदलून झाल्या. मग ब्रेस्ट रिडक्शनची, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनची, चौकशी केली.

पहिल्या डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगितलं, "लग्न, मुलं होऊ देत, मग बघू." आई म्हणाली, "अगं, पुढं बाळाला अंगावर पाजायचंय ना?" डॉक्टरांचा मला राग आला. आईचा प्रश्न मात्र खरा होता, म्हणून त्याच्या मागे लागले. मी डॉक्टर नाही, पण जे समजलं ते सांगते.

आधी दूध येतं कसं ते बघू. ते स्तनातल्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि बारीक नळ्यांमधून स्तनाग्रापर्यंत येतं. बाळ ओढायला लागलं की स्तनाग्रातल्या नसा मेंदूला निरोप देतात. मग प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होत राहतं आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर ढकललं जातं. आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते हेच. म्हणजे ग्रंथी, नळ्या आणि नसा, तिन्ही लागतात. स्तनाग्राची मुख्य नस बरगड्यांमधून, छातीच्या बाजूने येते.

ऑपरेशनमध्ये चरबीबरोबर थोड्या ग्रंथीही जातात. पण खरा प्रश्न किती काढलं एवढाच नाही, स्तनाग्राखालचं काय जोडलेलं ठेवलं हाही आहे. बहुतेक पद्धतींत स्तनाग्र ऊतींच्या एका जोडलेल्या भागावर ठेवून वर सरकवतात. त्याला पेडिकल म्हणतात. काही वेळा, विशेषतः स्तन फारच मोठे असतील तर, स्तनाग्र पूर्ण सुटं करून त्वचेसारखं परत बसवतात. त्यात नळ्या आणि नसा दोन्ही तुटतात.

२०१७ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. स्तनाग्राखालचा ऊतींचा खांब अजिबात न राखलेल्या पद्धतींत स्तनपान जमण्याचं मध्यक प्रमाण ४ टक्के होतं. अर्धवट राखला तर ७५ टक्के आणि पूर्ण राखला तर १०० टक्के. पण थांबा, १०० बघून लगेच नाचू नका. 'जमलं' याची व्याख्या प्रत्येक अभ्यासात वेगळी होती. थोडं पाजता येणं आणि सहा महिने फक्त अंगावरच्या दुधावर बाळ वाढणं यात खूप फरक आहे.

आता वेळेचं गणित. मुलं झाल्यावर ऑपरेशन करायचे फायदे उघड आहेत. दुधाची चिंता उरत नाही आणि गरोदरपणात स्तनांचा आकार जो बदलायचा तो बदलून झालेला असतो. आधी केलं तर बाळंतपणानंतर आकार पुन्हा बदलू शकतो. दूध सुटल्यावरही साधारण सहा महिने थांबायला सांगतात, म्हणजे आकार स्थिर होतो.

पण हे थांबणं किती लांबतं? नऊ महिने पोटात, दोन वर्षं पाजणं (जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं किंवा पुढेही पाजा म्हणते), वर सहा महिने. एका बाळामागे सव्वातीन वर्षं. दोन मुलं धरली तर साडेसहा. माझं अजून लग्नही ठरलेलं नाही. म्हणजे चाळिशीच्या आसपासपर्यंत ही पाठ अशीच वागवायची. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला ही बेरीज करावी लागत नाही.

ज्यांना वर्षा-दीड वर्षात मूल हवंय त्यांनी थांबणं बहुतेकदा शहाणपणाचं. ज्यांचं मूल लांब आहे आणि त्रास रोजचा आहे, त्यांनी आधी करण्यातही चूक नाही. मधे वेळ गेला तर नसा सावरायला अवधी मिळतो, आणि गरोदरपणातले हार्मोन उरलेल्या ग्रंथी वाढवतात.

सर्जनला हे विचारा: स्तनाग्राखालचा भाग किती राखणार? स्तनाग्र सुटं करायची वेळ येऊ शकते का? संवेदना जाण्याची शक्यता किती? आणि ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागून जपून ठेवा, पुढे बाळंतपणात कामाला येते. विम्याचंही आधीच विचारा. सौंदर्यासाठीच्या सर्जरीला पॉलिसीत पैसे मिळत नाहीत, वैद्यकीय गरज डॉक्टरांनी लेखी द्यावी लागते आणि तरी कंपनी अडवू शकते.

बाळ झाल्यावर पहिल्या दिवसापासून बालरोगतज्ज्ञांना ऑपरेशनचं सांगा. बाळाचं वजन, दिवसाला किती लंगोट ओले होतात, यावर लक्ष ठेवा. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवेत. कमी पडलं तर वरचं दूध द्यायचं, पण डॉक्टर सांगतील तेच. वर्षाच्या आत गाईचं दूध नाही. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, असंही चालतं.

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी मला दूधच आलं नाही. शेजारच्या जावेनं पाजला त्याला." माझं तर कुठलं ऑपरेशनही झालं नव्हतं, हे तिनं वर जोडलं. आज डॉक्टर तपासणीशिवाय दुसरीचं दूध पाजू नका म्हणतात. तपासलेल्या दुधासाठी मिल्क बँका असतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली आशियातली पहिली सुरू झाली, पण ते दूध मुख्यतः वेळेआधी जन्मलेल्या आणि आजारी बाळांसाठी असतं. तरी आजीच्या बोलण्यानं आईचा चेहरा जरा सैलावला.

माझं ठरलंय. दुसऱ्या सर्जनने पेडिकल राखायची पद्धत कागदावर काढून दाखवली आणि खात्री देता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. तारीख दिवाळीनंतरची, भातकाढणी उरकल्यावर. नंतर काही आठवडे मला जड उचलायचं नाही, आणि आई तेव्हाच मोकळी असते. पुढे दूध कमी आलं तर वाईट वाटेल, हे मान्य करूनच चाललेय.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. फक्त ते तुम्ही काढलेलं असू दे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.