मेंदूतील ‘सरस’ : ग्लिया पेशींचे कार्य आणि विकार

मेंदूविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, ते बहुधा चेतापेशींविषयीचे असते. विचार, स्मृती, वेदना, हालचाल या सर्वांचे श्रेय चेतापेशींना दिले जाते आणि ते अनाठायी नाही. परंतु त्या ज्या पेशींच्या सान्निध्यात जगतात, त्या ग्लिया पेशींचे नावही सामान्य वाचकाच्या कानी क्वचितच पडते. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा परिचय करून देणार आहोत.

या उपेक्षेचे मूळ काही अंशी त्यांच्या नावातच आहे. जर्मन वैद्यक रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ साली त्यांना ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे चिकटविण्याचा पदार्थ, आपल्या सुतारांच्या भाषेत सरस. चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे भरण, एवढाच अर्थ त्यातून पुढील पिढ्यांनी घेतला. वस्तुतः मेंदूच्या विकारांचे हे वारंवार आढळणारे स्थान आहे, असेही फिरखो यांनी नोंदविले होते. पण नाव लक्षात राहिले आणि नोंद विसरली गेली. ज्याला एकदा गौण ठरविले, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

हीच गोष्ट संख्येच्या बाबतीत घडली. ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असे पाठ्यपुस्तके अनेक दशके सांगत होती. हा आकडा प्रत्यक्ष मोजणीतून आलेला नव्हता. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेला इतकेच. ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीचे एकजीव द्रावण करून त्यातील पेशीकेंद्रे मोजण्याची रीत काढली. २००९ साली चार पुरुषांच्या मेंदूंवरील त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : चेतापेशी सुमारे ८६ अब्ज, तर चेतापेशी नसलेल्या सर्व पेशी मिळून सुमारे ८५ अब्ज. दहापटीची कथा तेथेच संपावयास हवी होती. ती अद्यापही अधूनमधून वाचावयास मिळते, याचे आम्हांस नवल वाटते.

ग्लिया हा एक प्रकार नव्हे. ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशींना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. त्यांच्या काही फांद्यांची टोके मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वेढून असतात, तर इतर फांद्या चेतापेशींच्या सांध्यांपर्यंत पोहोचतात. एका चेतापेशीने दुसरीला संदेश देण्यासाठी ग्लुटामेट हे द्रव्य सोडले, की काम होताच ते उचलून घेणे ही प्रामुख्याने अ‍ॅस्ट्रोसाइटची जबाबदारी. ते तसेच साचून राहिले तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यावर जी हानी होते, तिचे हे एक प्रमुख कारण आहे. ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ असे जे आता वृत्तपत्रांत येते, त्याचाही संबंध याच पेशींशी आहे. मेकन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२ आणि २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून तसे प्रतिपादन केले. २०२४ साली लंडनमधील संशोधकांना मात्र उंदरांच्याच मेंदूत याच्या उलट, म्हणजे झोपेत निचरा मंदावलेला आढळला. हा वाद मिटलेला नाही. तेव्हा वृत्तपत्रांनी इतकी घाई करण्याचे कारण नव्हते.

ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचे वेष्टन गुंडाळतात. त्यामुळे संदेश वेगाने धावतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची संरक्षणयंत्रणाच या वेष्टनावर हल्ला करते आणि दृष्टी, तोल, हातापायांची शक्ती यांवर परिणाम होतो.

तिसरा प्रकार मायक्रोग्लिया. त्यांची ओळख स्पेनमधील पीओ देल रीओ-होर्तेगा यांनी १९१९ साली चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याची नवी पद्धत वापरून पटविली. त्यांचे ज्येष्ठ, नोबेल विजेते सांतियागो रामोन इ काहाल, यांनी ज्यास ‘तिसरा घटक’ म्हणून एकत्र टाकले होते, त्यात दोन भिन्न प्रकारच्या पेशी आहेत असे होर्तेगा यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. यादवी युद्धाच्या काळात ते परागंदा झाले आणि १९४५ साली ब्युनोस आयरिस येथे निधन पावले. त्यांचे म्हणणे मात्र टिकले.

मायक्रोग्लिया या मेंदूच्या रक्षक पेशी होत. भ्रूणावस्थेच्या अगदी आरंभी त्या पीतक कोशातून मेंदूत येतात. स्वस्थ मेंदूत त्या निष्क्रिय असतात अशी समजूत होती. २००५ साली जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिले असता त्यांच्या फांद्या अखंड चाचपणी करीत असलेल्या दिसल्या. मृत पेशींचे अवशेष त्या गिळतात, तसेच वाढत्या मेंदूतील अनावश्यक सांधेही छाटतात.

हीच छाटणी अवेळी सुरू झाली तर? अल्झायमरच्या विकारात असे होत असावे, असे उंदरांवरील प्रयोग सुचवितात. घरातील वृद्ध माणूस आपल्याच मुलांची नावे विसरू लागते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. पण हे वयाचे सहज लक्षण नव्हे, तो रोग आहे. अलॉइस अल्झायमर यांनी १९०७ च्या आपल्या टिपणातच ग्लिया पेशींतील बदल नोंदविले होते. त्यांकडे पुन्हा गांभीर्याने पाहिले गेले ते विशेषतः २०१२–१३ नंतर, जेव्हा ट्रेम-२ या जनुकातील काही दुर्मीळ बदलांनी रोगाचा धोका पुष्कळ वाढतो असे आढळले. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियात कार्य करते. म्हणजे रक्षकाची दुर्बलताही घातक आणि त्याचा अतिरेकही घातक. कोणत्या अवस्थेत त्यास चालना द्यावी आणि कोणत्या अवस्थेत आवर घालावा, हाच आजचा खरा प्रश्न आहे. ट्रेम-२ ला चालना देणाऱ्या एका औषधाची रुग्णांवरील चाचणी २०२४ साली अयशस्वी ठरली; रोगाची गती त्याने मंदावली नाही.