मुरूम सारे सारखे नसतात



उसाचा पोंगा वाळला तर खोडकीड, पानाखाली पांढरी लोकर दिसली तर लोकरी मावा, हे आपण आधी पाहतो आणि मगच पंपात औषध भरतो. पण घरच्या पोरापोरींच्या तोंडावर मुरूम उठले की दुकानात जाऊन म्हणतो, "भाऊ, द्या एखादी ट्यूब!" म्हणून आज आम्ही या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

वयात येताना कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करू लागतात. तेलाने व मेलेल्या कातडीने छिद्रे बुजतात, त्यांत जंतू वाढतात. यात मुलांची काही चूक नाही, त्यांना बोल लावू नये.

काळे-पांढरे बारीक ठिपके हा पहिला प्रकार. त्यावर रात्री लावायचे अडापॅलीनचे मलम देतात. लाल फोड व पू धरलेल्या पुटकुळ्या हा दुसरा. त्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड लावतात, जरूर पडल्यास डॉक्टर काही आठवडे गोळ्याही देतात. खोल, दुखऱ्या गाठी हा तिसरा. त्यांचे खड्डे कायमचे राहू शकतात, तेव्हा "वयच आहे, जाईल आपोआप" म्हणत बसू नये. या गाठींवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीच घेऊ नयेत.

खरी काळजी पुढेच आहे. लग्न ठरले की गोरेपणासाठी म्हणून आणलेल्या काही ट्यूबांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टेरॉइडे असतात. थोडे दिवस चेहरा झकास दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, मुरूम उलट वाढतात. ट्यूब सोडली की चेहरा लाल होऊन आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुकानदाराने दिली तरी आपण घेऊ नये. कोणी बरेच दिवस लावीत असेल तर ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावी.

योग्य औषधालाही गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, मुरूम फोडू नयेत. लागणीनंतर दुसऱ्याच महिन्यात आपण तोड मागत नाही. तेवढाच धीर पोरांच्या चेहऱ्यासाठीही धरावा, ही विनंती.